कूपन लावून रोजची खरेदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कूपन वापरून घरखर्च कमी करायला मी लागले तेव्हापासून ओळखीचे आणि बिनओळखीचे लोक प्रश्न पाठवत आले आहेत. त्यातले बरेचसे फिरून फिरून तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत, आधी सोपे आणि मग अडचणीचे. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कूपन, सवलत, ऑफर, कॅशबॅक हे सगळं एकच ना?

बिलावर परिणाम सारखा दिसतो, पण एक नाही. सवलत म्हणजे सगळ्यांसाठीच उतरवलेली किंमत, ती मिळवायला तुम्हाला काही करावं लागत नाही. कूपन तुम्ही दाखवलं तरच चालतं, मग तो कागदाचा तुकडा असो, मोबाइलवरचा बारकोड असो की पैसे भरताना टाकायचा कोड. विसरलात तर पूर्ण किंमत. कॅशबॅकमध्ये आधी सगळे पैसे मोजायचे आणि नंतर त्यातले थोडे परत घ्यायचे (प्रश्न १०). 'ऑफर' हा शब्द या सगळ्यांना सरसकट वापरतात, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही.

कूपनातही दोन जाती आहेत. एक वस्तू बनवणाऱ्या कंपनीचं, दुसरं दुकानाचं किंवा ॲपचं. हा फरक आत्ता किरकोळ वाटेल, पण दोन कूपनं एकत्र लावायची वेळ आली की सगळं त्याच्यावर अडतं. जाता जाता, 'कूपन' हा शब्द फ्रेंचमधल्या 'कापणे' या क्रियापदावरून आला आहे. पूर्वी कर्जरोख्याला जोडलेले छोटे तुकडे कापून दिले की व्याज मिळायचं, ते मूळचं कूपन.

२. कंपन्या फुकट पैसे का वाटतील? यात काहीतरी गोम असणारच.

आहे, आणि ती समजली की कूपन वापरणं सोपं होतं. एकच साबण कोणी पूर्ण किमतीला मुकाट्याने घेतो आणि कोणी चार ठिकाणी भाव बघून घेतो. किंमत सगळ्यांसाठी उतरवली तर पहिल्याकडून मिळणारे पैसे जातात, नाही उतरवली तर दुसरा गिऱ्हाईक जातो. कूपन ही या दोघांना वेगळं करणारी चाळणी आहे. शोधायचं, जपायचं, वेळेत वापरायचं एवढी खटपट जो करतो त्याला कमी भाव, बाकीच्यांना छापील भाव. म्हणजे तुमची खटपट हीच कूपनाची किंमत.

दुसरं कारण म्हणजे चव लावणं. १८८० च्या दशकाच्या अखेरीस कोका-कोलाचा धंदा उभारणाऱ्या एसा कँडलर यांनी त्या पेयाचा एक ग्लास फुकट मिळण्याची तिकिटं वाटायला सुरुवात केली. १८९४ ते १९१३ या काळात अशा तिकिटांवर सुमारे ८५ लाख ग्लास दिले गेले असा अंदाज सांगतात. पहिला ग्लास फुकट, दुसरा विकत. आजच्या 'पहिल्या ऑर्डरवर ५०%' मध्ये वेगळं काहीच नाही.

उलटा प्रयोगही झाला आहे. अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीने २०१२ मध्ये, रॉन जॉन्सन प्रमुख असताना, कूपनं आणि सेल बंद करून वर्षभर एकच सरळ किंमत ठेवायचं ठरवलं. त्या वर्षी विक्री साधारण २५% घसरली, एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन गेले आणि कूपनं परत आली. काहीतरी स्वस्तात पटकावल्याचा आनंद गिऱ्हाइकाला हवा असतो, आणि दुकानदाराला ते माहीत असतं. तुमच्या हातात कूपन आलं की तो आनंद तुम्हालाही होणार आहे. तो होत असताना पाकीट उघडू नका, एवढंच.

३. मला अगदी पहिल्यापासून सुरू करायचंय. पहिल्या महिन्यात काय करू?

एकही कूपन वापरू नका. एक भाववही करा.

लोक ॲप उतरवून सुरुवात करतात, दोन महिन्यांत कंटाळतात आणि 'यात काही अर्थ नाही' म्हणतात. कारण त्यांना आपल्या वस्तूंचा नेहमीचा भावच माहीत नसतो. तो माहीत नसेल तर '३०% सूट' हे वाक्य तपासणार कशाशी?

घरात दर महिन्याला नक्की लागणाऱ्या पंधरा ते वीस वस्तू लिहा. टूथपेस्ट, कपड्यांची पावडर, भांडी घासायचा साबण, शाम्पू, सॅनिटरी पॅड, कचऱ्याच्या पिशव्या, अशा. प्रत्येकीपुढे चार गोष्टी: तारीख, दुकान, पाकिटाचं माप आणि प्रत्यक्ष मोजलेले पैसे. मग पैशांना मापाने भागून एका मापाचा भाव काढा, शंभर ग्रॅमचा किंवा एका नगाचा. माझी वही साधी लांबट आहे, हिशेबाची. टूथपेस्टच्या पानावर दोन वर्षांच्या नोंदी आहेत आणि त्यात एका मापाचा सगळ्यात कमी भाव लाल पेनाने गोल केलेला आहे. दुकानात कोणतीही पाटी दिसली की मी पाटी वाचत नाही, तो लाल गोल आठवते. त्याच्या आसपास असेल तर घेते.

मोबाइलवरही हे जमतं, फक्त बिलाचा फोटो काढून ठेवण्यावर समाधान मानू नका. फोटो पुन्हा कोणी बघत नाही. आकडा हाताने लिहिला की डोक्यात राहतो.

चार-पाच आठवड्यांनी कूपनं शोधायला लागा, आणि तीही फक्त वहीतल्या वस्तूंची. सुरुवातीला दोन ठिकाणं पुरेत, एक नेहमीचं दुकान आणि एक ॲप.

४. ठीक आहे, पण कूपनं मिळतात कुठे?

वाटतं त्यापेक्षा जवळ. वस्तूच्या खोक्याच्या आत किंवा लेबलच्या मागे छापलेली असतात, म्हणून रिकामं खोकं टाकण्याआधी उघडून बघायचं. बिलाच्या खाली किंवा पाठीवर पुढच्या खरेदीचं कूपन असतं. दुकानाच्या सभासद कार्डावर, ॲपमधल्या 'ऑफर' नावाच्या कोपऱ्यात (तिथे बरेचदा आधी दाबून चालू करावं लागतं, नाहीतर बिलात लागत नाही), कार्ड देणाऱ्या बँकेच्या ॲपमध्ये, वर्तमानपत्राच्या पुरवणीत.

आणखी एक जागा आहे, तुमची अर्धवट सोडलेली कार्ट. लॉगिन करून वस्तू कार्टमध्ये टाका आणि एक-दोन दिवस तशीच ठेवा. काही दुकानं आठवण म्हणून कोड पाठवतात. नेहमी नाही, पण घाई नसलेल्या वस्तूसाठी थांबायला काय जातं?

कोडचा साठा देणाऱ्या साइटवर दहातले कितीतरी कोड मेलेले निघतात. तिथे दहा मिनिटांवर घालवू नका.

५. कोड टाकला तर 'अवैध' येतंय. मुदत तर बाकी आहे. असं का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. मी ज्या क्रमाने तपासते तो क्रम देते, कारण बहुतेकदा पहिल्या तिनातच सापडतं.

आधी टंकलेखन. कोड कॉपी करताना शेवटी एक मोकळी जागा चिकटून येते, ती दिसत नाही पण कोड बिघडवते. इंग्रजी 'ओ' अक्षर आणि शून्य, 'आय' आणि एक यांचा घोळ तर नेहमीचा. एकदा काउंटरवर मी कागदावरचा कोड तीनदा टाकला, तिन्ही वेळा लाल अक्षरं. मागे रांग वाढत होती. काउंटरवरच्या मुलीने मान तिरकी करून कागद बघितला आणि म्हणाली, "काकू, शून्य आहे ते." काकू म्हटल्याचं जास्त लागलं, पण कोड चालला.

मग किमान रक्कम. ती बहुधा कर, डिलिव्हरी आणि इतर सवलती वगळून मोजतात. कार्टची बेरीज १००० दिसत असली तरी आधीच लागलेली सूट वजा जाऊन मोजणीची रक्कम ९४० असू शकते.

मग वस्तू पात्र आहे का. 'निवडक उत्पादनांवर' हे शब्द असतील तर कार्टमधली एक-एक वस्तू काढून बघा. आधीच सेलमध्ये असलेल्या वस्तू बऱ्याच कूपनांतून वगळलेल्या असतात.

त्यानंतर उरतात त्या अटी: फक्त ॲपवर चालणारं, फक्त नव्या खात्याला, फक्त एका बँकेच्या कार्डावर, फक्त त्याच माणसाला पाठवलेलं. शेवटी वेळ. 'मुदत ३१ पर्यंत' म्हणजे कोणत्या देशाच्या घड्याळाने ३१ हे परदेशी साइटवर वेगळं निघतं. ऑर्डरची तारीख धरतात की माल निघाल्याची, तेही अटींत लिहिलेलं असतं.

एवढं करूनही नाही चाललं तर पडद्याचा फोटो काढून ग्राहक सेवेला पाठवा. पैसे भरण्याआधी पाठवा. भरल्यावर 'कूपन लावा' म्हणणं जवळजवळ कधीच मान्य होत नाही.

६. '२०% सूट' आणि 'सरळ १५० कमी' यात काय निवडू?

बिलाच्या रकमेवर अवलंबून आहे, पण त्याआधी बारीक अक्षरातली 'कमाल' शोधा. '२०% सूट, कमाल १००' याचा अर्थ ५०० च्या बिलापर्यंतच ती खरी २०% आहे. २००० च्या बिलावर तीच सूट ५% होते. तिथे 'किमान १००० च्या खरेदीवर सरळ १५० कमी' हे साधं कूपन जिंकतं. ६०० च्या बिलावर मात्र दुसरं लागूच होत नाही, म्हणून पहिलं.

कमाल मर्यादेचं कूपन एकापेक्षा जास्त वेळा वापरता येत असेल तर मोठं बिल तोडून मर्यादेच्या आसपासची दोन बिलं करा. वर दोनदा डिलिव्हरी शुल्क पडणार नाही ना, तेवढं बघा. आणि '५०% पर्यंत' मधल्या 'पर्यंत' कडे लक्ष द्या. एका कोपऱ्यातल्या एका वस्तूवर ५० असेल, बाकी सगळं १० वर.

७. एका बिलावर दोन कूपनं लावता येतात का?

एकाच जातीची दोन बहुधा नाहीत. वेगवेगळ्या जातींची बरेचदा हो. कंपनीचं कूपन, त्यावर दुकानाचं कूपन, पैसे भरताना बँकेच्या कार्डाची सूट आणि वर सभासदाचे पॉइंट, अशी चळत नशीब असेल तर लागते. अटींमध्ये 'इतर कोणत्याही ऑफरसोबत जोडता येणार नाही' असं असेल तर विषय संपला.

चळत लागत असेल तर दोन हिशेब माहीत हवेत. २०% आणि वर १०% म्हणजे ३०% नाही. १००० चे आधी ८०० होतात, मग ८०० चे १०% जाऊन ७२०, म्हणजे २८%. दुसरा हिशेब क्रमाचा. १००० च्या बिलावर आधी २०% आणि मग सरळ १०० कमी केले तर ७०० होतात. आधी १०० आणि मग २०% केले तर ७२०. क्रम निवडायची मुभा असेल तर टक्के आधी, सरळ रक्कम नंतर. बहुतेक ॲप क्रम स्वतःच ठरवतात, पण काउंटरवर कागदी कूपनं देताना मी टक्क्यांचं पहिलं पुढे करते. कधी उपयोग होतो, कधी यंत्र आपलंच खरं करतं.

८. 'एकावर एक मोफत' म्हणजे अर्धी किंमत, बरोबर?

दोन्ही वस्तू तुम्ही वापरणार असाल तर बरोबर. एकच लागणार असेल तर पूर्ण किमतीत एक घेतली आणि एक कपाटात ठेवली. 'दोनावर एक मोफत' ला लोक ५०% समजतात, ती ३३% आहे. 'दुसऱ्यावर ५०%' ही सगळी मिळून २५%.

वेगवेगळ्या किमतीच्या वस्तू असतील तर मोफत मिळते ती स्वस्तातली. त्यामुळे जोड्या सारख्या किमतीच्या लावा. चार वस्तू घेणार असाल आणि दोन महाग, दोन स्वस्त असतील, तर महाग-महाग एका बिलात आणि स्वस्त-स्वस्त दुसऱ्या बिलात. सगळ्या एकाच बिलात टाकल्या की काही यंत्रं सगळ्यात स्वस्त दोन फुकट देऊन मोकळी होतात. परत करायची वेळ आली तर प्रश्न १२.

९. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडतं ना? मग कूपन मोठ्यावरच लावायचं?

इथेच मजा आहे. कूपन नसताना मोठं पाकीट बहुधा स्वस्त असतं. सरळ रकमेचं कूपन हातात आलं की गणित उलटू शकतं. समजा शाम्पूची २०० मिलिलिटरची बाटली १०० ला आणि ५०० ची २२० ला आहे. शंभर मिलिलिटरचा भाव अनुक्रमे ५० आणि ४४, म्हणजे मोठी स्वस्त. आता दोन्हींवर चालणारं 'सरळ ४० कमी' कूपन लावा. छोटी ६० ला पडली, शंभर मिलिलिटरला ३०. मोठी १८० ला, शंभर मिलिलिटरला ३६. छोटी जिंकली.

म्हणून कूपनावर 'कोणत्याही आकारावर' असं लिहिलेलं असेल तर सगळ्यात छोट्या पाकिटापासून मोजायला सुरुवात करा. कंपन्यांनाही हे कळतं, म्हणूनच कितीतरी कूपनांवर किमान माप छापलेलं असतं. टक्क्यांच्या कूपनाने हा चमत्कार होत नाही, तिथे आधी जे स्वस्त तेच नंतरही स्वस्त.

१०. कॅशबॅक कूपनापेक्षा चांगला की वाईट?

हातात येईपर्यंत मी तो शून्य धरते. कूपन आत्ताच्या बिलातून पैसे कमी करतं. कॅशबॅक 'येतो', आणि येतो तेव्हा कधी खात्यात, कधी त्याच ॲपच्या पाकिटात, कधी पॉइंटच्या रूपात. ॲपच्या पाकिटातले पैसे त्याच दुकानात खर्च करावे लागतात, त्यांना मुदत असते, आणि कधीकधी एका बिलात त्यातला थोडाच भाग वापरू देतात. म्हणजे तो पुढच्या खरेदीचं कूपनच झाला, फक्त नाव भारदस्त.

थेट बँक खात्यात किंवा कार्डावर जमा होणारा कॅशबॅक मात्र चांगला. त्यातही एक अट माझ्याकडून: क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण फेडत असाल तरच. बाकी ठेवलेल्या रकमेवरचं व्याज महिनाभरातच २% कॅशबॅक गिळून वर ढेकर देतं.

११. ताई, स्वस्तात मिळतंय तर वर्षभराचं घेऊन ठेवू का?

मी ठेवलं होतं. न्हाणीघराच्या वरच्या फळीवर एकाच शाम्पूच्या नऊ बाटल्या, कूपन आणि सेल जुळवून आणलेल्या, आल्यागेल्याला दाखवायच्या लायकीच्या. तिसरी बाटली चालू असताना घरातल्या दोघांच्या डोक्यात खाज सुटली आणि डॉक्टरांनी शाम्पू बदलायला सांगितला. उरलेल्या सहा बाटल्यांनी पुढे वर्षभर मी स्वेटर धुतले. एवढा महाग स्वेटरचा साबण कोणी वापरला नसेल.

तेव्हापासून हिशेब असा. ती ऑफर साधारण किती आठवड्यांनी परत येते ते भाववहीतून काढायचं. तेवढ्या आठवड्यांत वस्तू किती लागते, तेवढीच घ्यायची. टूथपेस्टची नळी पाच आठवडे पुरते आणि ऑफर बारा आठवड्यांनी येते, तर तीन नळ्या. चौथी नाही.

टिकण्याचाही प्रश्न आहे. ब्लीचचा जोर बंद बाटलीतही काही महिन्यांत ओसरू लागतो. सनस्क्रीनला मुदत असते आणि उन्हात तापलेल्या कपाटात ती लवकर बिघडते. क्रीमच्या डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र आणि त्यात १२ एम असं काही दिसतं, त्याचा अर्थ उघडल्यापासून बारा महिने. साबण, कचऱ्याच्या पिशव्या, कागदी रुमाल यांना काही होत नाही, तिथे फक्त जागेचा सवाल.

१२. कूपन लावून घेतलेल्यातली एक वस्तू परत केली तर किती पैसे मिळतात?

तुम्हाला वाटतात त्यापेक्षा कमी, आणि दुकानागणिक वेगळे. ४००, ३०० आणि ३०० च्या तीन वस्तू घेतल्या आणि 'किमान १००० वर २०० कमी' लावलं. तुम्ही भरले ८००. आता ३०० ची एक परत करताय. सूट सगळ्या वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटणारं दुकान तुम्हाला २४० देईल. दुसरं दुकान म्हणेल, किमान रक्कम मोडली, कूपन रद्द, उरलेल्या वस्तू ७०० च्या, तुम्ही भरले ८००, घ्या १००. दोन्ही पद्धती चालतात. कपडे-चपलांसारखं माप चुकण्याची शक्यता असलेलं काहीही मी किमान रकमेच्या कूपनात मिसळत नाही, वेगळं बिल करते. एकावर एक मोफतमध्ये बहुतेकदा दोन्ही वस्तू एकत्र परत मागतात. वापरलेलं कूपन परत मिळणं दुर्मीळ.

१३. मोफत डिलिव्हरीसाठी थोडं कमी पडतं, मग मी काहीतरी टाकते. चूक आहे का?

'काहीतरी' असेल तर चूक. ८२० ची कार्ट आहे, डिलिव्हरी ६०, आणि १००० वर मोफत. ६० वाचवायला १८० ची वस्तू घेतली, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

त्याच १००० वर १०० ची सूटही असेल तर चित्र पालटतं. न टाकता ८८० जातात, टाकून ९००. म्हणजे १८० ची वस्तू २० ला पडली. यादीतलं काही असेल तर बिनदिक्कत घ्या. मोबाइलमध्ये 'कमी पडल्यावर टाकायच्या' सहा-सात टिकाऊ वस्तूंची छोटी यादी ठेवली की ऐन वेळी भलतंसलतं शोधावं लागत नाही. एक खोच: काही ठिकाणी मोफत डिलिव्हरीची मर्यादा सूट वजा करून मोजतात. तिथे १००० चे ९०० झाले की डिलिव्हरी पुन्हा लागते. शेवटच्या पडद्यावरचा आकडा बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

१४. आधी किंमत वाढवतात आणि मग सूट दाखवतात, हे खरं आहे का?

होतं असं. इतकं होतं की युरोपीय संघाने त्यावर नियमच केला. मे २०२२ पासून तिथे सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवावी लागते. सगळीकडे असा नियम नाही, आणि असला तरी तुमची भाववही (प्रश्न ३) त्याच्यापेक्षा जुनी नोंद ठेवते. काट मारलेली किंमत बघायचीच नाही, ही सवय लागायला मला सहा महिने लागले.

१५. कोड आपोआप शोधणारं ब्राउजर एक्स्टेंशन घालू का?

सोय आहे, फुकट नाही. ब्राउजरला जोडायच्या अशा छोट्या साधनांना तुमच्या खरेदीवर दुकानाकडून कमिशन मिळतं, आणि तुम्ही काय बघता, काय घेता ही माहितीही त्यांच्या हाती लागते. त्या माहितीला किती मोल असतं? 'हनी' नावाचं असंच एक साधन पेपाल कंपनीने सुमारे ४ अब्ज डॉलरला विकत घेतलं, तो व्यवहार २०२० च्या सुरुवातीला पूर्ण झाला. शिवाय एक्स्टेंशनने 'उत्तम कोड सापडला' म्हटलं तरी तो दुकानाने त्यांना पुरवलेल्यांपैकी उत्तम असू शकतो. मी खरेदीसाठी वेगळा ब्राउजर ठेवला आहे आणि बँकेचं काम त्यात करत नाही.

१६. 'मोठ्या दुकानाचं ५००० चं कूपन, दहा जणांना पाठवा' असा निरोप आलाय. खरा असेल?

नाही. फॉरवर्ड केल्यावर मिळणारं कूपन, कूपन मिळण्याआधी भरायची 'प्रोसेसिंग फी', ओटीपी किंवा कार्डाचा पिन मागणारं कूपन, पैसे 'मिळवण्यासाठी' स्कॅन करायचा क्यूआर, हे सगळे सापळे आहेत. फुकट ते पौष्टिक म्हणून दाबू नका. लिंकवर न जाता दुकानाचं ॲप स्वतः उघडा. तिथे ते कूपन नसेल तर कुठेच नाही. माहिती भरून बसला असाल तर आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा, पासवर्ड नंतर बदला.

१७. नवऱ्याच्या, आईच्या, शेजाऱ्यांच्या नावाने खाती काढून 'नव्या ग्राहकाचं' कूपन घेतलं तर?

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं स्वतःचं खातं असणं यात गैर काही नाही, जोवर अटींमध्ये 'एका पत्त्यावर एकच' असं नाही. खोट्या नावांची खाती काढणं ही फसवणूक आहे आणि ती पकडलीही जाते, कारण पत्ता, फोन आणि कार्ड तेच असतं. मग ऑर्डर रद्द होते, कधी मूळ खातंही बंद होतं आणि त्यातले साठलेले पॉइंट जातात. कागदी कूपनाची झेरॉक्स काढून वापरणं हाही तोच प्रकार. स्वतःला नको असलेलं कूपन ओळखीत वाटून टाकावं. ते विकायला मात्र बहुतेक अटींत मनाई असते.

१८. काउंटरवर कूपनं काढायला लाज वाटते. मागचे लोक चिडतात.

चिडतात ते कूपनावर नाही, शोधाशोधीवर. कूपनं रांगेत लागण्याआधी हातात हवीत, मोबाइलवरचं असेल तर पडद्याचा फोटो काढून ठेवलेला, कारण नेमकं काउंटरवरच नेटवर्क जातं. कूपनं आहेत हे बिल सुरू होण्याआधी सांगा. गर्दीची वेळ टाळा. आणि नाही चाललं तर एकदा विचारा, दुसऱ्यांदा सोडून द्या. समोरचा माणूस ते नियम बनवत नाही.

१९. यात वेळ किती जातो? आणि खरंच किती वाचतं?

मला आठवड्याला साधारण पाऊण तास लागतो, त्यात वही आली. वाचवलेल्याचा आकडा मी बिलावरच्या 'आपण वाचवले' या ओळीवरून कधीच धरत नाही, कारण ती ओळ छापील किमतीपासून मोजते. माझा हिशेब असा: मागच्या वर्षीच्या याच महिन्यात या वीस वस्तूंवर किती गेले आणि यंदा किती गेले. फरक खाली दिसला तर वाचले. महिन्याचा एकूण खर्च वाढलेला आणि 'वाचवले' ही ओळही वाढलेली, असं पहिल्या वर्षी माझं झालं होतं. कूपन आहे म्हणून घेतलेल्या वस्तूंना मी वहीत फुली मारायला लागले. पहिल्या महिन्यात चौदा फुल्या होत्या.

२०. कूपन वस्तूच्या किमतीपेक्षा मोठं असेल तर उरलेले पैसे मिळतात का?

जवळजवळ कुठेच नाही. किंमत शून्यावर थांबते आणि उरलेलं बुडतं. काही दुकानं ती रक्कम बिलातल्या बाकीच्या वस्तूंकडे वळवू देतात, म्हणून असं कूपन एकट्या वस्तूवर न लावता भरलेल्या बिलात लावा. अमेरिकेतल्या कूपनांवर बारीक अक्षरात 'रोख मूल्य एका सेंटचा शंभरावा भाग' असं छापलेलं दिसतं, त्यावरून हा प्रश्न बरेच जण विचारतात. तिथल्या काही राज्यांत जुन्या काळी दुकानं वाटत असलेल्या बक्षिसाच्या तिकिटांवर रोख मूल्य छापण्याचे कायदे झाले, त्याची ती शेपटी आहे. शंभर कूपनं गोळा करून एक सेंट मागायला गेलेला कोणी मला अजून भेटलेला नाही.